मुंबई ते लंडन : हवाई अंतर आणि प्रवासकाळ यांचा इतिहास

दोन शहरांमधील अंतर ही भूगोलाची बाब आणि प्रवासाला लागणारा काळ ही यंत्रशास्त्राची, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अंतर स्थिर राहते, वाहने उत्तरोत्तर वेगवान होतात आणि त्यामुळे काळ घटत जातो, असे या समजुतीचे सूत्र मांडता येईल. वाहतुकीच्या इतिहासावरील पुष्कळशा लेखनात हेच सूत्र गृहीत धरलेले असते. इतके की, वेगाचे आकडे कालानुक्रमाने मांडले म्हणजे इतिहास लिहून झाला असे लेखकाला वाटू लागते. प्रस्तुत लेखात मुंबई आणि लंडन या दोन शहरांपुरते हे सूत्र तपासून पाहावयाचे आहे. या तपासणीचा बराचसा भाग मुंबई शहरात नव्हे, तर त्याच्या उत्तरेस, जुन्या साष्टी बेटावर घडतो. जुहू, विलेपार्ले, सांताक्रूझ, अंधेरी, सहार ही तेथील गावे या इतिहासात केवळ पार्श्वभूमी म्हणून येत नाहीत, हे पुढील विवेचनावरून दिसेल.

प्रथम भूमितीचा विचार करू. भिंतीवरील नेहमीच्या नकाशावर मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये सरळपट्टी ठेवली, तर रेषा मकरानचा किनारा, इराणच्या आखाताचे टोक, इराक आणि तुर्कस्तान या मार्गाने जाते. परंतु हा नकाशा गोल पृथ्वी सपाट कागदावर ताणून काढलेला असतो. पृथ्वीच्या गोलावर या दोन बिंदूंमध्ये दोरा ताणून धरल्यास तो बराच उत्तरेकडे सरकतो. ही गोलावरील सर्वांत जवळची रेषा, म्हणजे बृहद्वृत्ताचा कंस, सुमारे ७,२१० किलोमीटर लांबीची आहे. ती मुंबईहून वायव्येस निघते. बलुचिस्तान, पूर्व इराण आणि कास्पियन समुद्राचा दक्षिण भाग ओलांडून काळ्या समुद्राच्या ईशान्य काठावर येते. तेथून ओडेसाच्या थोड्या उत्तरेकडून, दक्षिण पोलंड व जर्मनी यांवरून लंडनला पोहोचते. या रेषेविषयीची एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. मुंबईपासून सुमारे ८७५ किलोमीटरांवर ती जवळजवळ नेमकी कराची शहरावरून जाते. मुंबई ते कराची आणि कराची ते लंडन ही दोन अंतरे वेगवेगळी मोजून त्यांची बेरीज केली, तरी सरळ अंतरात म्हणण्यासारखी भर पडत नाही. अक्षांश-रेखांश घेऊन कोणाही विद्यार्थ्यास हे गणित करून पाहता येईल. मुंबईच्या हवाई इतिहासात कराचीला जे स्थान मिळाले, ते ब्रिटिश सरकारच्या लहरीने मिळाले असे म्हणणे त्यामुळे अर्धवट ठरते.

विमानापूर्वीच्या काळाचा येथे केवळ उल्लेख पुरेसा आहे. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या शिडाच्या जहाजांना चार ते सहा महिने लागत. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात आगबोटी आणि मिसरमधील खुष्कीचा टप्पा यांच्या जोडीने हा काळ बराच खाली आला. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील आगगाडी व आगबोट मिळून लंडनची टपाल सुमारे दोन आठवड्यांत मुंबईला येऊ लागली. येथे महत्त्वाची गोष्ट ही की, या साऱ्या काळात हिंदुस्थानचे प्रवेशद्वार मुंबई हेच होते. पश्चिमेकडून येणारा माणूस आणि येणारे पत्र प्रथम मुंबईच्या धक्क्यावर उतरे, आणि मग आगगाडीने देशभर जाई.

हवाई वाहतुकीने हे स्थान मुंबईकडून काढून घेतले. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेज या कंपनीची लंडन-कराची सेवा क्रॉयडन येथून सुरू झाली. प्रवास एका आठवड्याचा होता, आणि त्याला 'हवाई' म्हणणे हे काहीसे औदार्याचे आहे. बाझलपर्यंत विमान, बाझल ते जिनोआ आगगाडी, जिनोआहून भूमध्य समुद्रावरून अलेक्झांड्रियापर्यंत जलविमान, आणि मिसरपासून पुढे गाझा, रुतबा, बगदाद, बसरा, बुशहर, लिंगे, जास्क, ग्वादर असे थांबे घेत कराची. रात्री विमान उडत नसे. प्रवासी मुक्कामास उतरत. आठवड्याच्या या हिशेबात प्रत्यक्ष आकाशात घालविलेले तास थोडे होते, उरलेला काळ मुक्कामांचा, आगगाडीचा आणि इंधन भरण्याचा. शिवाय इराणच्या किनाऱ्यावरून जाण्याची परवानगी मुदतीची होती. १९३२ साली ती संपुष्टात आली आणि सारा मार्ग आखात ओलांडून अरबस्तानच्या किनाऱ्यावर न्यावा लागला. शारजा येथे त्यासाठी किल्ल्यासारखी भिंत असलेले विश्रामगृह बांधण्यात आले. विमान तेच, वैमानिक तेच. पण तेहरानमधील एका निर्णयाने लंडनचा रस्ता बदलला. या मार्गाच्या इतिहासात ही घटना पुन:पुन्हा घडणार होती.

कराचीची निवड केवळ अंतरासाठी झालेली नव्हती. तेथील हवा कोरडी आहे, पाऊस अत्यल्प आहे आणि सपाट जमीन मुबलक आहे. हवाई जहाजांवर ब्रिटिश सरकारचा इतका विश्वास होता की, आर-१०१ या प्रचंड वायुपोतासाठी कराचीस एक अवाढव्य छपरी उभारली गेली. तो वायुपोत हिंदुस्थानच्या पहिल्याच सफरीत ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समध्ये कोसळला, आणि छपरी पाहुण्यावाचून तशीच उभी राहिली. वैमानिकांच्या मनातही 'हिंदुस्थान' म्हणजे कराची असेच समीकरण झाले होते. आगाखानांनी इंग्लंड ते हिंदुस्थान एकट्याने उडणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकासाठी बक्षीस ठेवले, तेव्हा अ‍ॅस्पी इंजिनिअर इंग्लंडहून कराचीकडे निघाले आणि जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे. अलेक्झांड्रियाजवळ अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अ‍ॅस्पींच्या विमानाला लागणारे स्पार्क प्लग टाटांनी आपल्याजवळचे दिले, आणि अ‍ॅस्पींनीच बक्षीस जिंकले. हे पुढे भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले. या शर्यतीत मुंबईचे नाव मार्गावर कोठेच नव्हते, ही बाब मात्र सहसा कोणी नोंदवीत नाही.

मुंबईजवळ त्या वेळी विमानाला उतरण्याजोगी जागा होती ती जुहूला. १९२८ साली तेथे वैमानिकांच्या क्लबाचे मैदान सुरू झाले. त्याच वर्षी जानेवारीत कुलाबा-बोरिवली लोहमार्गाचे विद्युतीकरण झाले होते, तेव्हा एकाच वर्षी उपनगरांना दोन नवे वेग मिळाले असे म्हणता येईल. परंतु जुहूचे मैदान समुद्रसपाटीच्या जवळपास, खारवट मातीचे. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई आणि विमाने पुण्याला हलवावी लागत. वर्षातील चार महिने ज्याचे दार बंद असते, ते शहर हवाई मार्गाचे मुख्य ठाणे होऊ शकत नाही. यासाठी कोणाच्या द्वेषाचा किंवा प्रांतीय पक्षपाताचा शोध घेण्याचे कारण नाही. जुहूचा चिखल हे पुरेसे कारण आहे.

या पार्श्वभूमीवर १५ ऑक्टोबर १९३२ च्या उड्डाणाकडे पाहिले पाहिजे. त्या दिवशी टाटा यांनी पस मॉथ जातीच्या एका इंजिनाच्या लहान विमानातून कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहू गाठले. दुसऱ्या दिवशी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी तीच टपाल पुढे बेल्लारीवरून मद्रासला नेली. भारतीय नागरी विमानवाहतुकीचा हा आरंभ म्हणून तो दिवस सर्वपरिचित आहे, आणि ते योग्यच आहे. तथापि या सेवेचे त्या काळातील स्वरूप मुख्य मार्गाला जोडणाऱ्या फाट्याचे होते. लंडनची टपाल कराचीला आठवड्यात येई. तेथून मुंबईस यावयास आगगाडीला सिंध, राजपुताना, गुजरात असा मोठा वळसा पडे. टाटांच्या विमानाने तो वळसा सकाळ-दुपारच्या मोजक्या तासांत आणला. म्हणजे मुंबई-लंडन प्रवासकाळात झालेली त्या वर्षीची खरी घट ७,२१० किलोमीटरांच्या मार्गाच्या या टोकावरील अवघ्या ८७५ किलोमीटरांत झाली. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून विमानापर्यंत आणले गेले होते. या बैलगाडीचे वर्णन गमतीने केले जाते. पण बैलगाडीचा वेग हाही त्या हवाई प्रवासकाळाचा एक घटक होता.

या उड्डाणाच्या वेळा पहाटेनंतर ६ वाजून ३५ मिनिटे आणि दुपारी १ वाजून ५० मिनिटे अशा दिल्या जातात. म्हणजे एकूण सव्वासात तास. येथे संशोधकाने थांबून एक प्रश्न विचारावयास हवा : या वेळा कोणत्या घड्याळाच्या? १९०६ पासून देशात प्रमाणवेळ लागू झाली होती, परंतु मुंबईची महानगरपालिका १९५५ पर्यंत आपली जुनी 'मुंबई वेळ' पाळीत राहिली, आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. निघण्याची वेळ प्रमाणवेळेत आणि पोहोचण्याची मुंबई वेळेत धरली, तर प्रवास सव्वासात तासांऐवजी जवळजवळ आठ तासांचा ठरेल. याचा निर्णय अंतरावरून करता येतो. कराची-अहमदाबाद सुमारे ५९० आणि अहमदाबाद-मुंबई सुमारे ४४५, असे एकूण १,०३५ किलोमीटर अंतर ताशी १६० किलोमीटर वेगाने कापावयास साडेसहा तास लागतात. इंधनासाठी अहमदाबादला पाऊण तास धरला की सव्वासात तास पुरे होतात. तेव्हा दोन्ही वेळा एकाच, म्हणजे प्रमाणवेळेच्या आहेत असे मानणे अधिक सयुक्तिक होय. हा मुद्दा क्षुल्लक वाटेल. परंतु जुन्या वृत्तपत्रांतून मुंबईविषयक वेळा उतरून घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हिशेबात हे ३९ मिनिटांचे अंतर नकळत शिरत असते, म्हणून त्याचा एवढा विस्तार केला.

कराचीचे अग्रस्थान १९४७ नंतर टिकले नाही. याची दोन कारणे आहेत आणि दोन्ही मुंबईबाहेरची आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वायुदलाने सांताक्रूझच्या पूर्वेस, जुहूपेक्षा उंच आणि पक्क्या जमिनीवर, सुमारे पंधराशे एकरांचा विमानतळ उभारला. साष्टीतील भातशेतीची गावे – सहार, चकाला, मरोळ, कोळे-कल्याण – या विस्ताराच्या कडेवर किंवा त्याच्या आतच आली. लष्करी गरजेपुढे शेतकऱ्याचे म्हणणे फारसे चालत नसते, आणि येथेही ते चालले नाही. युद्धाने धावपट्टी दिली, आणि फाळणीने तिला महत्त्व दिले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी भारताचे पश्चिमेकडील हवाई दार, म्हणजे कराची, दुसऱ्या देशात गेले. मुंबईला १८६९ साली कालव्याने जे स्थान मिळवून दिले होते आणि १९२९ साली विमानाने जे काढून घेतले होते, ते अशा रीतीने एका राजकीय घटनेमुळे परत आले. मात्र आता ते अपोलो बंदराच्या किंवा बॅलार्ड पियरच्या धक्क्यावर नव्हते, तर सांताक्रूझच्या माळावर होते.

८ मार्च १९४८ रोजी एअर-इंडिया इंटरनॅशनल ही कंपनी स्थापन झाली, आणि बरोबर तीन महिन्यांनी, ८ जून १९४८ रोजी, 'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे विमान ३५ प्रवाशांसह कैरो व जिनीव्हा या मार्गाने लंडनकडे निघाले. कॅप्टन होते के. आर. गझदर. या उड्डाणाला सर्वत्र 'मुंबई-लंडन' असे म्हटले जाते. परंतु त्या दिवशी सांताक्रूझ मुंबईच्या नगरपालिकेच्या हद्दीत नव्हते. तो भाग १९२० साली निर्माण झालेल्या मुंबई उपनगर जिल्ह्यात मोडत असे; अंधेरी, घाटकोपर इत्यादी उपनगरे १९५० साली, आणि बोरिवली, मुलुंड यांच्याकडील भाग १९५७ साली बृहन्मुंबईत आला. म्हणजे मुंबईचे विमान मुंबईबाहेरून निघाले, आणि मुंबईची हद्द मागाहून त्याच्याकडे सरकत गेली.

कैरो मार्गे अंतर मोजून पाहिले तर मुंबई-कैरो सुमारे ४,३४०, कैरो-जिनीव्हा सुमारे २,८२५ आणि जिनीव्हा-लंडन सुमारे ७५५, असे एकूण ७,९२० किलोमीटर होते. सरळ अंतरापेक्षा हे ७०० किलोमीटरांनी अधिक आहे. कॉन्स्टेलेशनचा पल्ला लांब असल्यामुळे १९२९ च्या थांब्यांची माळ दोन थांब्यांवर आली आणि रात्रीचा मुक्काम गेला. ताशी पाचशे किलोमीटरांच्या आसपास वेगाने प्रत्यक्ष उड्डाणाचे सोळा तास होतात. आठवड्याचा प्रवास एका दिवसाच्या आसपास आला, हे श्रेय यंत्राचेच आहे. ते नाकारण्याचे कारण नाही.

पण पुढील टप्प्यात आपले आरंभीचे सूत्र उलटे चालताना दिसते. १९६० साली एअर-इंडियाच्या सेवेत बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि वेग ताशी नऊशे किलोमीटरांच्या घरात गेला. या वेगाने सरळ रेषेचे अंतर आठ तासांचे आहे. प्रत्यक्षात जेट विमाने अधिक शहरांना जोडण्याच्या धोरणाने चालविली गेली. २४ जानेवारी १९६६ च्या उड्डाणाचा मार्ग मुंबई, दिल्ली, बैरूत, जिनीव्हा, लंडन असा होता. ही अंतरे मिळविली तर सुमारे ८,७०० किलोमीटर होतात, म्हणजे कॉन्स्टेलेशनच्या मार्गापेक्षा जवळजवळ ८०० किलोमीटर जास्त. विमान वेगवान झाले तेव्हा अंतर वाढले, कारण वेगाने वाचविलेला काळ अधिक थांबे घेण्यासाठी खर्च करता येऊ लागला. प्रवासी व टपाल मिळविण्याच्या दृष्टीने यात गैर काही नव्हते. मात्र थांबा म्हणजे उतरणे आणि पुन्हा चढणे, आणि विमानाला धोका बहुधा या दोन वेळीच असतो.

तो धोका या मार्गावर दोनदा प्रत्यक्षात आला. जिनीव्हा आल्प्स पर्वताच्या कुशीत आहे. ३ नोव्हेंबर १९५० रोजी तीच 'मलबार प्रिन्सेस' जिनीव्हाकडे येत असता माँ ब्लाँ शिखरावर आदळली आणि विमानातील सर्व ४८ माणसे मृत्यू पावली. १९६६ च्या वर उल्लेखिलेल्या उड्डाणाचे 'कांचनजंगा' हे विमानही जिनीव्हासाठी खाली येत असता त्याच पर्वतावर आदळले. शिखर आपण ओलांडले आहे, अशी वैमानिकाची चुकीची समजूत झाली होती. त्यात ११७ जणांचा अंत झाला, आणि त्यांत डॉ. होमी भाभा होते. तेथील हिमनदीतून या विमानांतील पत्रे, वृत्तपत्रे व टपालाच्या पिशव्या अनेक दशके बाहेर येत राहिल्या. २०१२ साली १९६६ च्या विमानातील भारत सरकारच्या परराष्ट्र खात्याची एक थैली सापडली. सरळ मार्ग या पर्वताच्या बऱ्याच उत्तरेकडून जातो. जिनीव्हाच्या थांब्याऐवजी दुसरा थांबा असता तर काय झाले असते, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेबाहेरचा आहे. परंतु मार्ग आणि थांबे यांची निवड ही निर्जीव वेळापत्रकाची बाब नाही, एवढे या दोन तारखांवरून ध्यानात यावे.

मग सरळ रेषा का वापरली गेली नाही? जेटचा पल्ला उत्तरोत्तर वाढत गेला, थांबे गळून पडले, आणि एका दमात लंडन गाठणारी विमाने आली, तरीही ती रेषा जशीच्या तशी कधीच मोकळी नव्हती. शीतयुद्धाच्या काळात तिचा कास्पियनपासून ओडेसापर्यंतचा भाग सोव्हिएत संघाच्या आकाशात होता आणि ते आकाश परकी विमानांना सहज उघडे नव्हते. सोव्हिएत संघ १९९१ साली विसर्जित झाला, तेव्हा हे टोक पुष्कळसे मोकळे झाले. तोवर दुसरे टोक, म्हणजे कराचीजवळचे, तणावाचे झालेले होते. १९७१ च्या युद्धापासून १९७६ पर्यंत भारत व पाकिस्तान यांच्या विमानांना परस्परांचे आकाश बंद होते. २००२ आणि २००३ ही दोन वर्षे पुन्हा तेच झाले. २७ फेब्रुवारी २०१९ पासून १६ जुलै २०१९ पर्यंत पाकिस्तानने आपले आकाश बहुतांशी बंद ठेवले, आणि २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय कंपन्यांच्या विमानांना ते पुन्हा बंद केले. दरम्यान २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, आणि ओडेसाजवळचा टप्पा नागरी विमानांना बंद झाला. जून २०२५ मध्ये इराणवरील हल्ल्यांच्या दिवसांत इराण व इराक यांचे आकाशही काही काळ मिटले. १९३२ साली इराणने परवानगी काढून घेतली तेव्हा मार्ग अरबस्तानच्या किनाऱ्याकडे सरकला होता. २०२५ साली मुंबईहून पश्चिमेस निघालेली भारतीय विमाने पुन्हा अरबी समुद्रावरून त्याच किनाऱ्याकडे वळू लागली. यंत्र पूर्ण बदलले, मार्गाची वळणे मात्र जुनीच निघाली.

वेळापत्रकातील प्रवासकाळात आणखी दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. उत्तर भारतापासून युरोपपर्यंतच्या उंच आकाशात, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे प्रबळ वारे वाहतात. म्हणून एकाच अंतरासाठी मुंबईहून जाताना साडेनऊ-दहा तास आणि येताना त्यापेक्षा सुमारे तासभर कमी लागतो. 'मुंबई-लंडन अंतर किती तासांचे' या प्रश्नाला त्यामुळे एक उत्तर नसते. दुसरी गोष्ट घड्याळाची. लंडनचे घड्याळ हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे असल्याने मध्यरात्रीनंतर निघालेला प्रवासी पहाटेच उतरतो आणि निम्मा प्रवास पंचांगातून नाहीसा होतो. १९२९ चा प्रवासी रोज थोडे थोडे घड्याळ मागे-पुढे करीत जाई. आताचा प्रवासी ते एकदाच, उतरताना करतो.

शेवटी मार्गाच्या मुंबईकडील टोकाचा विचार करावयाचा राहिला आहे. हे टोक म्हणजे उपनगर, आणि येथील काही किलोमीटर हा एकूण प्रवासकाळाचा उत्तरोत्तर वाढत गेलेला भाग आहे. १९४८ साली फोर्ट भागात राहणारा प्रवासी माहीमची खाडी ओलांडून घोडबंदर रस्त्याने विमानतळावर जाई. पुढे सोळा तासांचे उड्डाण असल्याने हा तास हिशेबात धरण्यासारखा नव्हता. आज उड्डाणापूर्वी तीन तास हजर राहावे लागते. त्यात रस्त्यावरचा दीड-दोन तासांचा खोळंबा मिळविला, तर एकूण प्रवासाचा तिसरा हिस्सा जमिनीवर जातो. ८ जून २०१४ रोजी, म्हणजे योगायोगाने 'मलबार प्रिन्सेस'च्याच तारखेस, वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तेव्हा अकरा किलोमीटरांच्या त्या आडव्या प्रवासात वाचलेला काळ जेटच्या वेगातील कोणत्याही किरकोळ सुधारणेपेक्षा मोठा होता. एक उलटापालट मात्र नमूद करण्यासारखी आहे. १९४८ साली विमानाने लंडनला जाणारा मुंबईकर बहुधा शहराच्या दक्षिण भागातला असे. आज अंधेरी-पार्ल्याचा किंवा घाटकोपरचा रहिवासी लंडनला कुलाब्याच्या रहिवाशापेक्षा जवळ आहे. कलिन्याच्या विद्यानगरीत व्याख्यान देणाऱ्यांस हे सामीप्य दर काही मिनिटांनी ऐकू येते.

या सामीप्याची किंमत उपनगराने चुकविलेली आहे. धावपट्ट्या लांबविताना मिठी नदीचे पात्र वळविले व आवळले गेले, आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा कुर्ला-कलिना भागात पाणी शिरण्याच्या कारणांत त्या आवळलेल्या पात्राचा समावेश झाला. विमानतळही बंद पडला. जुहूचा चिखल टाळण्यासाठी निवडलेल्या उंच जमिनीवर सत्तावन्न वर्षांनी पाणी आले.

जुन्या जुहूची आठवण वैमानिकांनाही दोनदा झाली, पण वेगळ्या प्रकारे. जुहूची धावपट्टी सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीच्या पश्चिमेस अवघ्या काही किलोमीटरांवर आणि जवळजवळ त्याच दिशेने आखलेली आहे. १५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेजचे कॉमेट जातीचे जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूला उतरले, आणि नऊ दिवसांनी तेथून उडू शकले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी लंडनहून तोकियोकडे निघालेले जपान एअर लाइन्सचे डीसी-८ विमान त्याच चुकीने जुहूला उतरले. धावपट्टी अपुरी पडली आणि विमान पुन्हा उडाले नाही.

धावपट्टीला तिच्या चुंबकीय दिशेच्या अंशांतील शेवटचे शून्य गाळून क्रमांक देण्याची जागतिक रीत आहे. सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीचा पश्चिम दिशेचा क्रमांक २७, म्हणजे ठीक पश्चिमेचा. लंडनची बहुतेक विमाने तिच्यावरूनच निघतात आणि जुहूवरून समुद्रावर जातात. तिला छेदून जाणारी दुसरी, आखूड धावपट्टी आहे. तिचा वायव्य दिशेचा क्रमांक ३२, म्हणजे सुमारे ३२० अंशांचा. मुंबईहून कराचीची आणि लंडनचीही दिशा ३१९ अंशांची आहे.